जब्बारभाईंच्या टीव्हीतला किल्ला

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार

तीर्थरूप गोकुळमामांच्या पायांशी नंदाचा नमस्कार पोचावा.

"खोडायचं नाय. चुकलं तर चुकलेलं राहू दे, खाली नवी ओळ लिही." मी सातवीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती, लासूरच्या घराच्या ओट्यावर बसून तुम्ही मला हे एक वाक्य सांगितलंत आणि माझ्या हातातलं खोडरबर काढून स्वतःच्या खिशात टाकलंत. ते खोडरबर तुम्ही परत दिलं नाही, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून निघालं नाही. आज माझ्या आयुष्यात जे काही बिघडलेलं आहे त्यातलं निम्मं त्या वाक्यामुळं बिघडलंय, हे मी पुष्कळ विचार करून लिहिते आहे. उरलेलं निम्मं माझं मी केलंय.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघे, खोकला, झोप, भूक, सगळं सविस्तर कळवा. डोळ्यांचं मी विचारत नाही. फोनवर डोळे हा शब्द काढला की तुम्हाला लगेच आवाज येईनासा होतो आणि तुम्ही फोन ठेवता. म्हणून तर हे पत्र. पत्राला आवाज येत नाही अशी तक्रार करता येत नाही. शिवाय ते द्वारकाबाई वाचून दाखवणार, आणि द्वारकाबाईंना मध्येच थांबवणं लासूर स्टेशनात अजून कोणाला जमलेलं नाही. (द्वारकाबाई, तुम्हालाही नमस्कार. शेजारी राहून तुम्ही मामांना रोज पेपर वाचून दाखवता, हे मी विसरणार नाही. फक्त कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नका, तो तुमच्यासाठी आहे. हा वाचून झाला असेल तर असू द्या, पुढच्यापासून.) इकडं शिवराज बरे आहेत. तुळस वाळली. मी बरी नाही, म्हणजे अंगानं बरी आहे, पण मनानं पार खचले आहे, आणि ते का हे सांगायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. कॉम्प्युटरच्या भाषा पुष्कळ आहेत. बहुतेक भाषांत आकड्याला एक डबा देतात. डब्यात आज पाच ठेवले, उद्या पाच काढून सात ठेवले, कोणी काही म्हणत नाही. मी जिच्या प्रेमात पडले त्या फंक्शनल भाषेत हे चालत नाही. एकदा पाच म्हटलं की ते पाच. सात हवे असतील तर खाली नवी ओळ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमच्या ओट्यावरच्या शेणसारवणाचा वास आला होता, खोटं सांगत नाही. पोरं म्हणतात, "मॅडम, या भाषेत नोकरी भेटत नाय." मी म्हणते, समाधान भेटतं. मग ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं मी पूर्वी आमच्या संगीताच्या बाईंकडं बघायचे.

या भाषेचा दुसरा स्वभाव असा, की सांगितलेलं काम ती लगेच करत नाही. हो म्हणते आणि ठेवून देते. उत्तर मागायला कोणी दारात येऊन उभं राहिलं, की मग उठते. पुस्तकात हा गुण म्हणून छापलाय: कोणी मागितलंच नाही तर तेवढी मेहनत वाचली. याच स्वभावाचं एक माणूस माझ्या नात्यात आहे. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढा म्हणून सांगून दोन वर्षं होत आली, ते अजून "व्हय, करू की" म्हणतात. नाव लिहीत नाही.

तर जब्बारभाई. आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचे हे थोरले भाऊ. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई. त्यांचं म्हणणं असं, की बसमधून उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गुडघे किल्ला चढू देत नाहीत. ती माणसं खाली सावली शोधत बसतात आणि घरचे उतरून येईपर्यंत स्वतःवर चिडतात. त्यांना हॉटेलात बसवून भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर किल्ला चारी बाजूंनी फिरताना दाखवला, तर त्यांनाही बघितल्यासारखं वाटेल आणि हॉटेलाचे चार चहा जास्त खपतील. मला ही कल्पना इतकी मायेची वाटली, वर चढू न शकणाऱ्यांचा विचार हल्ली कोण करतं, की मी तिथल्या तिथं हो म्हटलं. सीताफळाच्या दिवसांत एक टोपली, एवढंच ठरलं. शिवराज म्हणाले, एखादी तयार गोष्ट वापर, आठवड्यात उरकेल. मी म्हटलं, मी माझ्या भाषेत करणार. त्यांनी पेपर वर धरला. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर माणसं वाद घालत नाहीत, पेपर वर धरतात.

कॉम्प्युटरच्या लेखी किल्ला म्हणजे लाखभर ठिपके. ते हलवायचे तर मॅट्रिक्स लागते. तुमचं आयुष्य गणितात गेलं, तुम्हाला हे सांगायला नको, द्वारकाबाईंसाठी सांगते (बाई, हा कंस मोठ्यानं वाचला तरी चालेल: मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकोनी मांडणी, ठिपक्याला तिनं गुणलं की ठिपका नव्या जागी जातो). माझ्याकडं चार होत्या. एक किल्ला लहान करणारी, एक जरा कलवणारी, एक फिरवणारी आणि एक उचलून टीव्हीच्या मध्यावर ठेवणारी. लाख ठिपके, प्रत्येकाला चार गुणाकार, मग किल्ला एवढासा वळणार, की पुन्हा लाख ठिपके आणि पुन्हा चार. आणि खोडायचं नाही, म्हणून दर वळणाला अख्खा नवा किल्ला. पहिल्या दिवशी जब्बारभाईंनी खुर्ची ओढली, चहा मागवला, प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाजी, चाय खतम हो गई, तुमचा चांदमिनार अजून तिथंच उभाय." मी म्हटलं, फिरतोय, हळू फिरतोय. ते म्हणाले, "हौ, असल्या चालीनं तर आमचा खरा किल्ला भी फिरतोय."

मी घरी येऊन विचार केला. चार मॅट्रिक्स प्रत्येक ठिपक्याला वेगवेगळ्या का लावायच्या? आधी चौघींचा आपसात गुणाकार करून एकच करून टाकावी, मग लाख ठिपक्यांना ती एकच लावावी. काम एकदम चौथाईवर येतं. मला इतका आनंद झाला की मी शिवराजना खीर करून घातली. पण त्या आनंदात गुणाकाराचा क्रम चुकला. साध्या आकड्यांत तीन पंचे आणि पाच त्रिक एकच, मॅट्रिक्सांत तसं नाही. लासूर स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी वळून मग चाललं तर माणूस तुमच्या घरी पोचतो. आधी चालून मग वळलं तर मोंढ्यात, कांद्याच्या ट्रॅक्टरांमध्ये. मी आधी सरकवलं आणि मग फिरवलं. त्यामुळं किल्ला जागच्या जागी फिरायचं सोडून जत्रेतल्या पाळण्यासारखा गरगर लांब निघून गेला, टीव्हीच्या बाहेर. नाशिककडची एक मावशी रिकाम्या निळ्या टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. जब्बारभाईंनी विचारलं, "किल्ला किधर गया?" मी म्हटलं, येईल. ते म्हणाले, "बाजी, एसटीचं भी काही टायमटेबल असतं." तेवढ्यात किल्ला दुसऱ्या बाजूनं आला आणि गेला. मावशी म्हणाली, दर्शन झालं.

क्रम नीट लावला, तरी दुपारच्या गर्दीत चित्र अडखळायचं. तिथं मी जी चूक केली ती तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं करायला नको होती. जब्बारभाईंचा कॉम्प्युटर जुना, त्याला लांबलचक दशांश झेपत नाहीत, असं मी मनाशी ठरवलं आणि फिरवणाऱ्या मॅट्रिक्समधले आकडे जवळच्या आकड्यावर चढवून तीन घरांत बसवले. मागच्या किल्ल्यावरून पुढचा, त्याच्यावरून त्याच्या पुढचा, अशी रीत होती. म्हणजे ही कसर दर वळणाला वाढत जाणार. वाढली. प्रत्येक वळणाला किल्ला केसभर मोठा होत गेला. सकाळी तो टीव्हीत मावत होता. दहा वाजता माथ्यावरच्या बारादरीचं टोक कापलं गेलं. मी जेवायच्या सुट्टीत पोचले तेव्हा अख्ख्या टीव्हीवर एकच काळा दगड होता, आणि तो प्रामाणिकपणे फिरत होता. गिऱ्हाईक म्हणत होतं, टीव्ही बिघडलाय. जब्बारभाई माझी बाजू घेत होते: "बिघडला नाय, किल्ल्याच्या आतमधला अंधारी रस्ता दाखवायलाय." एवढं चांगलं माणूस आहे. मला त्यांच्याकडं बघवेना.

(द्वारकाबाई, इथं थोडं थांबा, मामांना पाणी द्या. आणि त्यांनी पेला धरताना हात आधी टेबलावर चाचपला का, ते मला वेगळं कळवा.)

खरं संकट पुढंच आहे. जब्बारभाईंची एक सवय आहे: हॉटेल रिकामं झालं की ते टीव्ही बंद करतात. पंखा, दिवा, टीव्ही, ज्याच्याकडं कोणी बघत नाही ते चालू ठेवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची शिस्त आहे. मला ती इतकी आवडली की मी प्रोग्रॅमलाही शिकवली: टीव्ही बंद असेल तर चित्र काढू नकोस, फक्त वळणं पुढं चालू ठेव. आता माझ्या भाषेचा स्वभाव आठवा. चित्र कोणी मागत नाही, म्हणजे उत्तर कोणी मागत नाही. ती दर वळणाला "हो, करते" म्हणत गेली आणि काहीच न करता नुसते कबूल केलेले गुणाकार एकावर एक रचत गेली. अख्खी दुपार. चार वाजता वेरूळहून परतणारी मोठी बस आली, शाळेतल्या निवृत्त शिक्षिकांची सहल, एकूण एक गुडघे दुखणारे. जब्बारभाईंनी मोठ्या थाटात टीव्ही लावला. आणि कॉम्प्युटरला एका क्षणात साऱ्या दुपारचे वायदे पुरे करायची वेळ आली. आधी त्याचा पंखा घोंघावला, मग टेबल थरथरलं, मग सगळं काळं झालं. चाळीस बायका काळ्या टीव्हीकडं बघत बसल्या. त्यातली एक म्हणाली, "अवो, वीज गेली असंल." जब्बारभाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मला म्हणाले, "बाजी, तुम्ही रडू नका, तुमच्यावाली चाय में साखर जास्त टाकतो."

मी रडत नव्हते. म्हणजे किल्ल्यासाठी रडत नव्हते. मामा, त्या काळ्या टीव्हीसमोर उभं असताना मला एकदम कळलं की आज नको, उद्या, म्हणत ठेवलेलं काम कुठं जात नाही. ते आत रचलं जात असतं, आणि एक दिवस सगळं एकदम मागितलं जातं. डॉक्टर हेच सांगत होते, मोतीबिंदू फार पिकला की काढणं अवघड होतं. तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं होतंत की तुमच्या वेळेला शाळेत पाढे कितीपर्यंत होते.

मागच्या महिन्यात गंगापूरच्या लग्नात तुम्ही कार्यालयाच्या दारातल्या फ्लेक्सवरच्या फोटोला वाकून नमस्कार केलात, "व्याही, तब्येत लई सुधारली तुमची" म्हणालात, आणि पलीकडून उत्तर आलं नाही म्हणून पंगत उठेपर्यंत फुगून बसलात. सगळे हसले. मी पण हसले, मग हात धुवायच्या जागी जाऊन नळ सोडून उभी राहिले. आई गेल्यापासून मला नंदे अशी हाक मारणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि ते मला आवाजावरून ओळखतं.

असो, पत्र विनोदी लिहायचं ठरवलं होतं. तर किल्ला बंद आहे. तुम्ही मला तीनचा सोळावा घात काढायला सांगितला होतात, आठवतं? मी पंधरा गुणाकार करायला बसले. तुम्ही ओट्यावर डोळे मिटून म्हणालात, तीनाला तीनानं, नवाला नवानं, एक्याऐंशीला एक्याऐंशीनं, आणि आलेल्याला पुन्हा त्याच्यानंच, चारात संपलं. हीच युक्ती इथं लागणार, वळणाला वळणानं गुणायचं आणि शेकडो वळणं दहा-बारा गुणाकारांत उरकायची, एवढं मला कळतंय. पण कुठं बसवावी ते सुचत नाही. माझी बुद्धी संपली. तुम्ही एक दिवस इकडं याल का? डोळ्यांचं काही काम नाही. मी आकडे वाचून दाखवीन, तुम्ही ओट्यावर बसायचात तसे डोळे मिटून बसा. सकाळच्या गाडीनं या, हवं तर संध्याकाळच्या गाडीनं जा. तुमची भाकरी तुम्ही फडक्यात बांधून आणालच. भाचीच्या घरचं अन्न खायचं नाही, मामानं द्यायचं, घ्यायचं नाही, हे तुमचं मी मोडायला लावणार नाही. मागच्या वेळी आमच्याच टेबलावर बसून तुम्ही तुमची कोरडी भाकरी खाल्लीत आणि मला पेरूंची पिशवी दिलीत. शिवराज अजून विचारतात की चहा अन्नात का मोडत नाही.

द्वारकाबाईंना नमस्कार. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला दोन्ही चालेल असं काहीतरी.

तुमची,
नंदा

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त शेवट शिळा आहे. किल्ला पंधरा दिवसांपासून नीट चालतोय. तुमचीच युक्ती बसवली, आणि ती बसवताना लक्षात आलं की पूर्ण फेरी झाली की किल्ला पुन्हा पहिल्या जागी येतो. मग एवढी वळणं गुणायचीच कशाला? मूळ किल्ल्याला हातच लावायचा नाही. एका फेरीतल्या जागांच्या मॅट्रिक्स एकदा करून ठेवायच्या आणि मागेल तेव्हा त्यातली एक काढून द्यायची. आता तो इतका झरझर फिरतो की जब्बारभाईंनी काल सांगितलं, "बाजी, थोडा स्लो करो, गिऱ्हाइकाला चक्कर येतेय." तीन महिने वेग वाढवण्यात घालवले आणि आता तो कमी करत बसले आहे. तेव्हा मॅट्रिक्ससाठी तुम्ही यायची गरज नाही. ते निमित्त होतं. तुम्ही गणिताला नाही म्हणत नाही, म्हणून.

ता. क. दुसरा. (द्वारकाबाई, हा कंस असला तरी मोठ्यानं वाचा, आणि ते उठून आत जायला लागले तर दारात उभ्या राहा. मामा, बाजारात जाताना तुम्ही रूळ ओलांडायच्या आधी थांबून कान देऊन गाडी ऐकता, हे मला द्वारकाबाईंनी कळवलं. त्यांच्यावर रागावू नका. ऐकून ओलांडता येतो असा रूळ नसतो. मालगाडी लांबून बोलत नाही.)

ता. क. तिसरा, आणि हाच खरा कागद. पुढच्या बुधवारी सकाळची वेळ घेतली आहे. ऑपरेशन थोडक्यात होतं, पण नंतर आठ दिवस वेळेवर थेंब घालावे लागतात, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही. लासूरला एकट्यानं ते होणार नाही. माझ्या लग्नात बोहल्यापर्यंत तुम्ही मला हाताला धरून नेलंत. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, मला पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटली नाही. मामानं भाचीला द्यायचं असतं ना, तर मी कधी काही मागितलं नाही, ते आता मागते. आठ दिवस द्या. आमच्याकडं राहा, मी घालीन ते थेंब घालून घ्या, आणि माझ्या हातचं जेवा. हे घेणं धरू नका, मी ते देणंच धरीन. तुम्ही नाय म्हणाल, ते मला माहीत आहे. तेवढं ऐकायला रविवारी सकाळच्या गाडीनं मी आणि शिवराज लासूरला येतो आहोत.